मोगलाईतून आलेल्या खापरपणजोबांचे मूळ गाव कसे शोधावे? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

प्रश्न : पऱ्हाटीवाला, दारव्हा तालुका

सर्वांना नमस्कार. आमचे घराणे दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात पाच पिढ्यांपासून शेती करीत आहे, तरीही गावातील जुनी माणसे आजही आमच्या घराला 'मोगलाईवाल्यांचे घर' म्हणतात. निजामाच्या मुलखाला वऱ्हाडात मोगलाई म्हणत, हे येथील वाचकांना सांगायला नको. घरात चालत आलेली हकिकत अशी आहे की, आमचे खापरपणजोबा छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, बायको, एक बैलजोडी आणि खांद्यावर बसवलेले आमचे पणजोबा एवढ्यानिशी पैनगंगा ओलांडून इकडे आले, काही वर्षे पाटलांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, म्हणून राहिले आणि मग त्यांनी बारा एकर जमीन केली. बैलजोडी होती की एकच बैल होता, यावर माझे दोन काका अजूनही एकमेकांशी भांडतात.

आमचे आडनाव पिंपळगावकर आहे. त्यामुळे मूळ गाव पिंपळगाव असावे, इतके उघड आहे. पण पिंपळगावे किती आहेत याला गणती नाही. मागील उन्हाळ्यात मी नांदेड जिल्ह्यातील एका पिंपळगावाला जाऊन आलो. तेथील लोकांनी चहा पाजला, जेवायला थांबवून घेतले, परंतु आमच्या घराण्याची माहिती एकालाही नव्हती. सातबारा आणि फेरफार पाहिले तर ते आजोबांच्या नावापाशी येऊन थांबतात. एका कार्यालयात 'इतके जुने काही मिळत नाही' असे सांगून मला दारातूनच परत पाठवण्यात आले.

आणखी माहिती म्हणजे पणजोबा १९६१ साली वारले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते असे वडील सांगतात. आमच्या घरी महाशिवरात्रीला औंढ्या नागनाथाला जाण्याचा नेम आहे. आमच्या गावातील दुसरे कोणतेही घर औंढ्याला जात नाही. एवढ्या सामग्रीवर मूळ गाव सापडू शकेल काय, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : मोडीवाचक, अमरावती

आपण सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. पिंपळगाव कोणते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. खापरपणजोबा आपल्या सध्याच्या गावात नक्की केव्हा दिसू लागतात, हे आधी कागदावर ठरले पाहिजे, कारण आपल्या घरातील हकिकतीतच एक गोम आहे. पणजोबा १९६१ साली सत्तरीच्या पुढे होते, तर त्यांचा जन्म १८९० च्या आसपास किंवा त्याआधीचा ठरतो. म्हणजे छप्पनच्या दुष्काळात ते दहा वर्षांचे तरी असणार. दहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर बसवून कोणी पैनगंगा उतरत नाही. त्यामुळे एकतर दुष्काळ दुसरा आहे किंवा खांद्यावरचे मूल दुसरे आहे.

मला स्वतःला दुष्काळाविषयी अधिक शंका येते. छप्पनच्या दुष्काळाने वऱ्हाडालाही झोडपले होते. वऱ्हाडची लोकसंख्या १८६७ साली सुमारे २२ लाख होती, ती १८९१ साली सुमारे २९ लाखांपर्यंत वाढली आणि १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर उतरली. मधल्या दहा वर्षांत दोन दुष्काळ आणि त्यांच्यामागून आलेली रोगराई होती. अशा वेळी पोट भरण्यासाठी कोणी वऱ्हाडात येणारच नाही असे नाही, पण लोंढा इकडे येत होता तो त्याआधीच्या काळात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला भाव आला, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि वेचणीला, सरकीला, जिनिंगला हातांची गरज पडू लागली. याच सुमारास १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि निजामाचा मुलूख दुष्काळात होरपळला. शके १७९८ चे संवत्सर धाता होते, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी त्याला धात्याचा दुष्काळ म्हणतात. दोन पिढ्यांनंतर सांगणाऱ्याच्या तोंडी धाता मागे पडून छप्पन पुढे येणे अगदी शक्य आहे, कारण छप्पन त्याने स्वतः सोसलेला असतो. आपल्या घरातील कोणी वृद्ध व्यक्ती दुष्काळाचे नाव न घेता 'लोक तेव्हा अमुक खात होते' अशी काही आठवण सांगत असेल तर तीही लिहून ठेवावी, मात्र तिच्यावरून साल ठरवू नये.

आता कागदांविषयी. पहिला कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात, आणि जुनी पुस्तके बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. तेथे तोंडी विचारपूस करून उपयोग होत नाही. गावाचे नाव आणि वर्षांचा पल्ला लिहून, आवश्यक ते तिकीट लावून नकलेसाठी रीतसर अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. लक्षात ठेवावे की जन्माच्या जुन्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. 'अमका वल्द तमका यास मुलगा' एवढेच असते, त्यामुळे पणजोबांचे नाव शोधत बसलात तर नोंद डोळ्यांसमोरून निघून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. शोध बापाच्या नावाने घ्यावा. 'वल्द' च्या पुढे खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव येते, म्हणजे एका ओळीत आपली वंशावळ आणखी एक पिढी मागे सरकते. बरीच पुस्तके मोडीत असतात. आकडे आणि नावे एवढ्यापुरती मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावाने वाचता येते. पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्गही होतात.

दुसरा कागद मला अधिक मोलाचा वाटतो, आणि तो म्हणजे बारा एकरांचे खरेदीखत. जमीन विकत घेतली असेल तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असणार. १९०८ च्या नोंदणी कायद्यात दस्तातील माणसाची ओळख म्हणून राहण्याचे ठिकाण, धंदा आणि बापाचे नाव अपेक्षिलेले आहे, आणि सूची क्रमांक एक ही घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या नावांनी लावलेली असते. बाहेरून आलेल्या माणसाच्या दस्तात लेखनिक पुष्कळदा 'मूळ राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक' असे लिहून जातो. आपल्याला हवी ती ओळ हीच आहे. साक्षीदारांची नावेही तितक्याच काळजीने उतरवून घ्यावीत, कारण परक्या गावात माणूस साक्षीला आपल्याच मुलखातला माणूस उभा करतो.

जनगणनेच्या कागदांत नाव शोधण्याच्या फंदात मात्र पडू नये. घरोघरच्या याद्या जपून ठेवलेल्या नाहीत. छापील तक्त्यांत जन्मस्थानानुसार आकडे मिळतात, माणसे मिळत नाहीत.

उत्तर : निवृत्त पटवारी, वर्धा

मोडीवाचकांनी सांगितलेले बरोबर आहे. जमिनीच्या बाजूने थोडी भर घालतो.

१९०५ पूर्वीचे काहीही शोधताना यवतमाळ जिल्हा असे म्हणून चालणार नाही. तेव्हा त्या जिल्ह्याचे नाव वणी होते, इंग्रजी कागदांत ते वूण असे येते, आणि दारव्हा हा त्याचाच तालुका होता. पुसद त्या काळी वाशीम जिल्ह्यात होते. बस्त्यांवरची जुनी नावे ठाऊक नसल्यामुळे कर्मचारी 'नाही' म्हणतात. त्यात त्यांचा दोष असतोच असे नाही.

वऱ्हाडात १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी होऊन रयतवारी बसली, म्हणजे सर्व्हे नंबर थेट खातेदाराच्या नावावर लागला. पहिल्या मोजणीत खापरपणजोबांचे नाव येण्याची आशा धरू नये, कारण सालदाराच्या नावावर नंबर नसतो. आपल्या बारा एकरांचा सर्व्हे नंबर घ्यावा, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्याचा आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) आणि जुना उतारा मागवावा, आणि नंबर आधी कोणाच्या नावावर होता ते पाहावे. तो ज्याच्या नावावर होता, त्याच्याकडेच खापरपणजोबा सालाने राहिले असण्याचा संभव मोठा आहे. आमच्या नोकरीच्या काळात मालकाने जुन्या सालदाराला पडीताचा तुकडा विकल्याची उदाहरणे मी कागदावर पुष्कळ पाहिली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील बरेच जुने अभिलेख आता संगणकावर पाहता येतात. आपल्या तालुक्याची स्थिती काय आहे, ते कार्यालयात विचारून घ्यावे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी नागपूर, वर्धा, भंडारा किंवा चांदा भागातील असेल तर त्याने वरील पद्धत जशीच्या तशी लावू नये. तेथे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपेपर्यंत गावाचा धनी मालगुजार होता, आणि तिकडे बंदोबस्त मिसल (जमाबंदीची कागदपत्रे), वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीची नोंद) आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हे कागद आधी मागावे लागतात.

उत्तर : माहेरवाशीण, पुसद

वरील दोन्ही उत्तरांत बायकांचा उल्लेख कोठेही आला नाही, म्हणून लिहीत आहे.

दादा, आपण खापरपणजीचे नाव सांगितलेले नाही. तिचे माहेर कोणते होते? आपल्या पणजीचे माहेर कोणते होते? पणजोबांना बहिणी असतील तर त्या कोठे दिल्या होत्या? गाव सोडून आलेला माणूस नव्या गावात सहजासहजी सोयरीक जुळवू शकत नाही, कारण त्याचे कूळ तेथे कोणाला ठाऊक नसते. त्यामुळे पहिल्या एक-दोन पिढ्यांच्या मुली आणि सुना जुन्या मुलखातूनच येतात-जातात, आणि त्या गावांची नावे कागदावर मांडली की त्यांच्या मधोमध मूळ गाव सापडण्याची शक्यता असते. माझ्या सासरच्या घराण्याचा उगम आम्हाला अशाच रीतीने कळला. सासूबाईंच्या आतेसासूचे गाव वाशीमच्या पलीकडे होते, आणि त्या गावात आमच्या आडनावाचे नव्हे, पण आमच्याच देवकाचे, म्हणजे लग्नकार्यात पुजल्या जाणाऱ्या कुळाच्या खुणेचे, घर निघाले.

आडनावाविषयीही एक सांगते. माणूस पिंपळगावात राहत असताना त्याला पिंपळगावकर कोणी म्हणत नाही. ते नाव बाहेर पडल्यावर चिकटते. म्हणून पिंपळगावात आपले भाऊबंद वेगळ्याच आडनावाने नांदत असतील, आणि नांदेड जिल्ह्यातील लोकांनी 'असे आडनाव येथे नाही' म्हटले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेथे आडनाव न विचारता कुलदैवत आणि देवक विचारायला हवे होते. मुलांचे जावळ कोठे काढतात, लग्नानंतर देवदर्शनाला पहिल्यांदा कोठे जातात, हे घरातील वृद्ध बायकांना विचारावे. पुरुषांना ते बहुधा सांगता येत नाही. औंढ्याचा नेम हा मला आपल्या प्रश्नातील सर्वांत खणखणीत पुरावा वाटतो. माहूरला सगळेच जातात, म्हणून माहूरवरून दिशा कळत नाही. परंतु दारव्ह्याजवळचे एकच घर औंढ्याला जाते, तर त्याला काही कारण असलेच पाहिजे.

शिवाय आपल्या घरातील कोणी अस्थी घेऊन नाशिक किंवा त्र्यंबकेश्वराला गेले असल्यास तेथील तीर्थोपाध्यायांच्या वहीत नाव असू शकते. उपाध्याय मूळ गाव विचारूनच नाव लिहितात, आणि त्यांच्या वह्याही गावांच्या क्रमाने असतात. गेलेल्या माणसाला उपाध्यायांचे नाव आठवत असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

उत्तर : कयाधूकाठ, हिंगोली

औंढ्याचे नाव वाचून थांबलो. आमच्याकडे औंढ्याला नेमाने जाणारी घरे मुख्यतः हिंगोली, परभणी आणि त्यांच्या आसपासची आहेत. तरी एका नेमावरून तालुका ठरवू नये. नवस फेडण्यासाठी दूरचीही माणसे येत असत.

मूळ गावाचा तालुका हाती लागल्यावर इकडे कोणते कागद पाहावेत, तेवढे सांगतो. निजामाच्या राजवटीतील नंतरच्या काळातील महसुली कागद बहुतेक उर्दूत आहेत, त्याआधीचे फारसीत, आणि गावपातळीवरचे काही मोडीत. साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे फसली १३०० हे १८९०-९१ होय. सेतवार (मोजणीनंतरची जमिनींची नोंदवही) आणि पुढे १९५० नंतरची खासरा पत्रके (नंबरवार जमीन-पिकांच्या नोंदी) येथे मिळतात. परंतु खापरपणजोबा १९०० पूर्वी गाव सोडून गेले असतील तर त्यांच्या नावाची अपेक्षा या कागदांत ठेवू नये, त्यांच्या भावांच्या किंवा पुतण्यांच्या नावाची ठेवावी. म्हणूनच त्यांच्या वडिलांचे नाव आधी वऱ्हाडातील कागदावरून पक्के करणे आवश्यक आहे. वडिलांच्या नावाशिवाय इकडे आलात तर एकाच नावाची दहा माणसे सापडतील आणि त्यांतील प्रत्येक जण आपला पूर्वज वाटू लागेल.

एक बारकावा राहिला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. जुन्या तालुक्याच्या हद्दी आजच्या हद्दींशी जुळतील असे गृहीत धरू नये.

पुन्हा प्रश्नकर्ता : पऱ्हाटीवाला, दारव्हा तालुका

उत्तरे येऊन पाच महिने झाले. मधे पेरणी आणि डवरणीचे दिवस गेले, म्हणून लिहायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. जे हाती लागले ते येथे नोंदवतो, म्हणजे ज्यांनी वेळ दिला त्यांना आपल्या शब्दांचे काय झाले ते कळेल.

कोतवाल बुकासाठी लेखी अर्ज केला. पहिल्या खेपेस उत्तर आले नाही, दुसऱ्या खेपेस पुस्तके सापडली. मधली काही वर्षे वाळवीने खाल्लेली होती. पणजोबांच्या जन्माची नोंद त्यात नाही, किंवा ती खाल्लेल्या पानांत गेली. मात्र १८८७ सालच्या एका पानावर खापरपणजोबांच्या नावाने 'यास मुलगी' अशी नोंद आहे, आणि वल्दच्या पुढे त्यांच्या वडिलांचे नाव स्पष्ट वाचता येते. म्हणजे छप्पनच्या बारा वर्षे आधी ते आमच्या गावात होते. घरात हे सांगितले तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत; ज्या आत्याआजीचा हा जन्म असावा, तिचे नाव आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. ती कोठे दिली होती, हे थोरल्या काकूंनी आठवून सांगितले. ते गाव पैनगंगेच्या पलीकडचे आहे. माहेरवाशीण ताईंचे म्हणणे खरे ठरले.

खरेदीखत सापडले ते १९११ चे. त्यासाठी सूचीची सहा वर्षांची पाने चाळावी लागली, कारण घरात सांगितलेले साल चुकीचे होते. त्यात लिहिले आहे : वय अदमासे ५५ वर्षे, धंदा शेती, मूळ राहणार मौजे पिंपळगाव, तालुका हिंगोली, इलाखा मोगलाई, हल्ली मुक्काम आमचे गाव. १९११ साली पंचावन्न म्हणजे १८७६-७७ च्या दुष्काळात विशी-एकविशीचा तरुण. त्यामुळे मोडीवाचकांचा धात्याविषयीचा तर्क जुळतो, पण मुलीच्या जन्माची नोंद १८८७ ची असल्याने ते नेमके कोणत्या वर्षी आले हे मी अजून लिहिणार नाही. विकणारे नाव आमच्या जुन्या पाटील घराण्याचेच आहे, हे पटवारी काकांनी आधीच सांगून ठेवले होते. जमीन बारा एकर नसून नऊ एकर काही गुंठे निघाली.

या सर्वांत माझ्या मनात राहिले ते निराळेच. आमच्या घरात 'काही वर्षे सालदारी केली' असे सांगतात. १८८७ पूर्वी आलेला माणूस १९११ साली जमीन घेतो, म्हणजे ती काही वर्षे किमान चोवीस होती. पाटील घराण्यातील एका वृद्धाकडे त्या काळच्या सालाच्या हिशेबाची वही असल्याचे समजले आहे; ती पाहू देण्यास त्यांनी होकार दिला आहे, पण दिवाळीनंतर या म्हणाले.

साक्षीदार दोन आहेत. त्यांतील एकाच्या नावापुढेही 'इलाखा मोगलाई' असे आहे, आणि तो शेजारच्या गावात राहणारा होता. त्या गावात चौकशी केली तेव्हा त्याच्या वंशजांचे घर सापडले. त्यांच्याकडे औंढ्याचा नेम नाही, पण त्यांच्या आजीने एक गोष्ट सांगितली : दोन माणसे एकत्र आली होती, आणि त्यांच्याजवळ मिळून एकच बैल होता, दुसरा वाटेत गेला. दोन्ही काकांना मी ही गोष्ट फोनवरून कळवली आहे आणि दोघांनीही आपलेच म्हणणे खरे ठरल्याचे सांगितले.

कयाधूकाठ यांना एक विनंती. जुन्या हिंगोली तालुक्यात पिंपळगाव नावाची किती गावे येत होती आणि त्यांतील कोणती आता शेजारच्या तालुक्यांत गेली आहेत, हे कोठे पाहता येईल? खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव आता माझ्याजवळ आहे. तूर निघाल्यावर मी तिकडे येणार आहे, आणि या वेळी आडनाव विचारणार नाही.

उत्तर : कयाधूकाठ, हिंगोली

जुनी ग्रामसूची माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे आहे, ती पाहून दोन-तीन दिवसांत येथेच लिहितो. येण्याआधी देवकाची खात्री मात्र करून घ्यावी. आपण ते अजून कोठेही लिहिलेले नाही.